पूर्ण वर्तुळाचे छायाचित्र

स्मरणिकेचे काम सुरू झाले की आपल्या मंडळात दरवर्षी एका विषयावर हमखास चर्चा रंगते आणि तो विषय वैद्यकीय नसतो. समूह-छायाचित्रात खुर्च्यांवर कोणी बसायचे, मागे कोणी उभे राहायचे, माजी अध्यक्ष मध्यभागी की विद्यमान, सौभाग्यवतींची रांग वेगळी की एकत्र, या प्रश्नांवर एखाद्या अवघड शस्त्रक्रियेवर होणार नाही इतका ऊहापोह होतो. छायाचित्र छापून आले की त्यात न दिसणारी एक व्यक्ती मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. ती म्हणजे छायाचित्र काढणारा. गेली अनेक वर्षे तो मान माझ्याकडे असल्यामुळे जुन्या स्मरणिकांत मी जवळजवळ कुठेच नाही. या तक्रारीतूनच पूर्ण वर्तुळाच्या छायाचित्राचा नाद मला लागला, असे म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही. संपादकांनी यंदा लेख मागितला तेव्हा त्याच नादाबद्दल, आणि त्या नादात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीबद्दल लिहावे, असे ठरवले.

मी व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. जळगावहून तापी खोरे रेल्वेमार्गाने सुरतेला आलो तेव्हा क्ष-किरणचित्रे हाताने धुवावी लागत. डेव्हलपरचा आणि हायपोचा वास, लाल दिवा, क्लिपांना लटकणाऱ्या ओल्या फिल्म यांत उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे फिल्म या वस्तूविषयी माझ्या मनात जी माया आहे, ती तरुण सहकाऱ्यांना थोडी विनोदी वाटते. २०११ साली परदेशातून आलेल्या भाच्याने मला एक विचित्र कॅमेरा आणून दिला. लोमोग्राफी या कंपनीने आदल्याच वर्षी बाजारात आणलेला ‘स्पिनर ३६०’. त्याला सेल नाहीत, पडदा नाही. खाली एक मूठ आणि मुठीला दोरी. मूठ हातात धरून दोरी ओढून सोडली की आतल्या रबराच्या ताणाने कॅमेरा स्वतःभोवती गर्रकन फिरतो आणि भोवतालचे सारे जग साध्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरते. भाच्याला वाटले, मामाला खेळणे दिले. मला मात्र पहिल्याच दिवशी त्याचे नाते आमच्या खात्यातल्या एका यंत्राशी आहे, हे दिसले.

ते यंत्र म्हणजे ओ.पी.जी. दातांसाठी ज्यांनी हे चित्र काढून घेतले असेल त्यांना आठवेल: हनुवटी टेकवून, दातांत एक काडी धरून आपण निश्चल उभे राहतो आणि यंत्राचे दोन हात डोक्याभोवती फिरतात. एका हातात क्ष-किरणांची नळी, दुसऱ्यात फिल्म. किरण एका अरुंद उभ्या फटीतून येतात आणि फटीमागून फिल्म ठरावीक वेगाने सरकत राहते. त्यामुळे नालाच्या आकाराचा वाकडा जबडा सरळ पट्टीसारखा उलगडून समोर येतो. फिनलंडच्या पातेरो यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीला आकार दिला. फिरत्या कॅमेऱ्यात घडते ते थोडेसे याच्या उलट. ओ.पी.जी. बाहेरून आत पाहतो, फिरता कॅमेरा आतून बाहेर. परंतु अरुंद फट, फिरणारे यंत्र आणि मोजून सरकणारी फिल्म ही त्रयी दोन्हीकडे तीच.

हे थोडे नीट सांगतो, कारण यातली गंमत गणितात आहे. नेहमीच्या कॅमेऱ्यात सबंध चौकट एकदम उघडते. फिरत्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक उभी फट असते, सुमारे मिलिमीटरभर रुंदीची. कॅमेरा फिरू लागला की समोरच्या झाडाची प्रतिमा फटीवरून सरकू लागते. फिल्म स्थिर असेल तर ते झाड फासल्यासारखे पसरेल. म्हणून प्रतिमा ज्या वेगाने सरकते त्याच वेगाने फिल्मही सरकवायची. मग फिल्मच्या दृष्टीने झाड जागच्या जागी उभे राहते. एका पूर्ण फेरीसाठी लागणारी फिल्म भिंगाच्या नाभीय अंतराला दोन पायने गुणून मिळते. स्पिनरचे भिंग २५ मिलिमीटरचे, म्हणजे एका फेरीला सुमारे १५७ मिलिमीटर फिल्म, साध्या छायाचित्राच्या चौपटीहून अधिक. ३६ छायाचित्रांच्या रोलमध्ये अशी आठच वर्तुळे मावतात. समजा फट सव्वा मिलिमीटरची आहे आणि फेरी एका सेकंदात पुरी झाली, तर प्रत्येक वस्तूच्या वाट्याला एका सेकंदाचा १२५वा भाग इतका प्रकाश येतो. म्हणजे झडप नसूनही झडपेचे काम होते.

हा शोध नवा नाही. ‘पॅनोरमा’ हा शब्दच अठराव्या शतकाच्या अखेरचा. ‘पॅन’ म्हणजे सर्व, हे पॅनडेमिक आणि पॅनसायटोपेनिया रोज उच्चारणाऱ्या आपल्या सभासदांना सांगायला नको. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली इंग्लंडमध्ये वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले आणि पुढे लंडनला त्यासाठी खास गोल इमारत बांधली. मधोमध उभे राहायचे आणि सभोवार शहर पाहायचे. १८०० साली रॉबर्ट केर पोर्टरने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे १२० फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनमध्ये मांडले. आपल्या देशाचा पराभव तिथे तिकीट काढून पाहिला जात होता. छायाचित्रणाचा जन्म झाल्यावर थोड्याच वर्षांत, १८४०च्या दशकात, पॅरिसमध्ये मार्टेन्सने हाताने भिंग फिरवून सुमारे १५० अंशांचे दृश्य वक्र पत्र्यावर टिपले. पुढे अमेरिकेत जॉन्स्टनने १९०४ साली ‘सर्कट’ कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. चावीच्या यंत्राने तिकाटण्यावर सावकाश फिरणारा हा लाकडी कॅमेरा १९४९पर्यंत तयार होत होता. पलटणी, शाळा, अधिवेशने यांची हातभर लांब छायाचित्रे त्यानेच घेतली. आपल्याकडेही जुन्या शाळांच्या भिंतींवर अशा लांब चौकटी दिसतात. एक व्रात्य विद्यार्थी रांगेच्या मागून धावत जाऊन दोन्ही टोकांना उभा राहिल्याची कथा त्यांच्याबद्दल जगभर सांगतात. कॅमेरा सावकाश फिरत असेल तर ते सहज शक्य आहे.

माझा पहिला प्रयोग चौकबाजारच्या किल्ल्यापाशी, तापीच्या काठी. सोळाव्या शतकातला हा किल्ला, समोर नदी, पलीकडे अडाजण. आपण मराठी मंडळी इथे आलो की शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या स्वाऱ्यांचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही, आणि गुजराती मित्र हसून खिसा सांभाळल्याचा अभिनय करतात. मी कॅमेरा डोक्यावर धरून दोरी ओढली. आठही वर्तुळे त्याच परिसरात संपवली.

रोल धुवायला दिला आणि पहिला धडा मिळाला. लॅबमधील मुलाने सवयीप्रमाणे फिल्म सहा-सहा चौकटींच्या तुकड्यांत कापली. त्याचा दोष नाही. मीच सांगायला विसरलो होतो. किल्ल्याचा बुरूज एका तुकड्यात आणि त्याची भिंत दुसऱ्यात. तेव्हापासून रोलच्या डबीवर मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत ‘कापू नये’ असे लिहून देतो. आता तर फिल्म धुऊन देणारेच शोधावे लागतात, तेव्हा कापण्याची भीती दुय्यम झाली आहे.

दुसरा धडा प्रकाशाचा. नेहमीच्या छायाचित्रात सूर्य पाठीशी घ्या, असे शिकवतात. पूर्ण वर्तुळात पाठ नसतेच. सूर्य कुठेतरी चित्रात येणारच, अर्धे जग उजळ आणि अर्धे काळवंडलेले. यावर उपाय दोन: प्रकाशातला मोठा फरक सोसणारी रंगीत निगेटिव्ह फिल्म आणि ढगाळ दिवस. सुरतेचा पावसाळा या कामी मोठा उपकारक. तिसरा धडा समतोलाचा. मूठ जराशी कलली की क्षितिज नागासारखे वळवळते. ओ.पी.जी.मध्ये हनुवटी फार खाली गेली की दातांची ओळ हसल्यासारखी वर वळते, त्यातलाच हा प्रकार. रबराचा वेग मधेच मंदावला की तेवढ्या भागावर प्रकाश जास्त पडतो आणि चित्रात उभा फिकट पट्टा उमटतो. वस्तूंच्या हालचालीचेही तसेच. कॅमेरा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने जाणारी रिक्षा लांबून बससारखी दिसते, उलट दिशेची आक्रसून हातगाडीएवढी होते. रुग्ण ओ.पी.जी.च्या यंत्रात फार पुढे उभा राहिला की पुढचे दात अरुंद दिसतात आणि फार मागे राहिला की रुंद. हे रोज पाहणाऱ्याला या रिक्षांचे आश्चर्य वाटत नाही.

पण तापीकाठच्या त्या कापलेल्या तुकड्यांत मला खरा धक्का दिला तो वेगळ्याच गोष्टीने. मी नदीकडे तोंड करून उभा होतो. माझ्या मते चित्र नदीचे होते. पाठीमागे एका घराच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, रंगाची एक आडवी रेघ आणि तारीख होती. ऑगस्ट २००६च्या पुराची. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतांश भाग बुडाला, ते दिवस आपण सर्वांनी भोगले आहेत. त्या रस्त्याने मी कितीदा तरी गेलो असेन, परंतु ती रेघ पाहिली नव्हती. नदी आणि तिने भिंतीवर सोडलेली खूण एकाच पट्टीवर होती, आणि मधे मी, वर केलेला हात आणि टक्कल यांसह. या कॅमेऱ्याला माझी दिशा ठाऊक नसते. मी काय पाहतो आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

पुढच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मी मंडळाला विनंती केली की रांगा लावूच नका. हॉलच्या मध्यभागी खडूने एक फुली काढली, तिथून दहा फुटांवर खडूनेच वर्तुळ आखले आणि सर्वांना त्यावर उभे केले. यामागेही कारण आहे. फिरता कॅमेरा सरळ रांगेला वाकवतो. मधली माणसे मोठी आणि टोकाची लहान दिसतात. उलट, वर्तुळावर उभी असलेली माणसे सारख्या अंतरावर असल्यामुळे एका सरळ ओळीत, सारख्या उंचीने येतात. जुने छायाचित्रकार शाळेतील मुलांना कमानीत बसवत ते यासाठीच. त्या दिवशी पहिली रांग नव्हती, खुर्च्या नव्हत्या, मध्यभाग माझ्या डोक्यावर होता आणि तिथे कोणाला बसता येत नव्हते. माजी अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, हे तुम्ही फार धूर्तपणे केलेत.”

तरीही पट्टी कुठेतरी सुरू व्हावी लागते आणि कुठेतरी संपावी लागते. स्पिनर पूर्ण फेरीच्या थोडा पुढेच जाऊन थांबतो, त्यामुळे सुरुवातीचा भाग शेवटी पुन्हा येतो. त्या चित्रात सुरुवातीला आमचे एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ उभे होते. डाव्या टोकाला त्यांचे डोळे मिटलेले आहेत, चेहरा गंभीर. उजव्या टोकाला तेच पुन्हा, मान वर करून, फिरत्या कॅमेऱ्याकडे पाहत खळखळून हसताना. दोहोंमध्ये फार तर एक सेकंद आणि साठ माणसे. चित्र पाहून ते म्हणाले, “भूल दिली तेव्हाचा आणि उतरली तेव्हाचा, असे दोन्ही फोटो आले की!” छापताना उजवे टोक कापून टाकावे, असा माझा नेहमीचा शिरस्ता. त्यांच्यासाठी तो मोडला.

आता हे चित्र इतरांना दाखवायचे कसे, हा प्रश्न. लांबट कागदावर छापून भिंतीवर लावले तर ते पट्टीसारखे दिसते, वर्तुळासारखे नाही. खरे तर ते गोल वाकवून, आत डोके घालून पाहायला हवे. माझी वर्तुळे लांबीला उंचीच्या साधारण साडेचार पट, कारण स्पिनर फिल्मच्या कडेच्या छिद्रांवरही प्रतिमा घेतो. हे प्रमाण मी एकदा घरी बोलून दाखवले तेव्हा सौभाग्यवती सहज म्हणाल्या, “अहो, ही तर साडी झाली.” मी हिशोब केला. साडेपाच मीटर लांब, सुमारे सव्वा मीटर रुंद. साडीच्या पन्ह्यात चित्र जवळजवळ तंतोतंत बसत होते! सुरतेत कापडावर छपाईची वानवा थोडीच आहे? एका ओळखीच्या कारखानदाराने पॉलिस्टरच्या कापडावर डिजिटल छपाई करून दिली. साडेपाच मीटरचे कापड गोल टांगले की पावणेदोन मीटर व्यासाचे कडे तयार होते. आत दोघे-तिघे उभे राहू शकतात. गणेशोत्सवात मंडपाच्या कोपऱ्यात बांबूच्या कड्यावर अशी तीन वर्तुळे टांगली. वाकून आत शिरायचे आणि वळत-वळत पाहायचे. मुलांनी तर दिवसभर गर्दी केली. आजच्या फोनमध्येही अशी चित्रे काढता येतात, बोटाने सरकवून पाहता येतात. पण कापडाच्या आत उभे राहून मान वळवणे वेगळे.

त्या तीनपैकी तिसरे वर्तुळ म्हणजे माझी चूक. आपल्या मंडळाने लिंबायत भागात घेतलेल्या तपासणी शिबिरात मी हॉलच्या मधोमध उभा राहून ते काढले होते. माझ्या मनात चित्र होते डॉक्टरांच्या सेवेचे: टेबलांमागे बसलेले आपले सभासद, औषधांची खोकी, फलक. पाठीमागे काय होते याचा मी विचारच केला नाही. पाठीमागे ‘क्षयरोग तपासणी’ अशा मोठ्या अक्षरांतल्या फलकाखाली आठ-दहा माणसांची रांग होती आणि चेहरे स्वच्छ ओळखू येत होते. कापडावर ते जवळजवळ अर्ध्या हाताएवढे झाले. मंडपात हजारभर माणसे येऊन गेली. आम्हां डॉक्टरांपैकी एकालाही त्यात काही खटकले नाही, मलाही नाही.

विसर्जनानंतर आठवड्याने एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. खानदेशातलाच, लूमवर काम करणारा, सहा जणांसोबत एका खोलीत राहणारा. बराच वेळ बाहेर बसून राहिला आणि शेवटच्या रुग्णानंतर आत आला. म्हणाला, “साहेब, तो फोटो तेवढा पुन्हा लावू नका.” खोलीतल्या सोबत्यांनी मंडपात चित्र पाहिले होते. त्यांनी त्याचे ताट वेगळे केले, मग अंथरूण, मग दुसरीकडे सोय बघ म्हणून सांगितले. त्याची थुंकीची तपासणी निर्दोष आली होती. महिनाभराचा साधा खोकला. त्याने तो कागदही घडी घालून आणला होता, जणू मलाच पटवायचे होते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे की रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टरने प्रसिद्ध करू नये. क्ष-किरणचित्रावरचे नाव झाकल्याशिवाय मी ते कधी परिसंवादात दाखवलेले नाही. तोच मी मंडपात सव्वा मीटर उंचीच्या कापडावर चेहरे टांगून बसलो होतो, कारण माझ्या लेखी ते रुग्णाचे चित्र नव्हतेच. ते आमचे चित्र होते. नेहमीच्या कॅमेऱ्याने मी टेबले आणि डॉक्टर एवढेच टिपले असते आणि रांग आपोआप बाहेर राहिली असती. तो विवेक नव्हे, चौकटीची कृपा. या कॅमेऱ्यात ती कृपा नाही.

त्या तरुणासोबत मी त्याच्या खोलीवर गेलो. सोबत्यांना अहवाल वाचून दाखवला. क्षयरोग ताटातून पसरत नाही, उपचार सुरू झालेल्या रुग्णालाही असे वेगळे करायचे नसते, हे सांगितले. त्यांतल्या दोघांनी मान डोलावली, बाकीचे गप्प राहिले. तो पुढे दुसऱ्या खोलीत राहायला गेला, हे मला नंतर कळले. ते कापड मी त्याच्यासमोर कात्रीने कापले आणि निगेटिव्हचा तो भागही त्याच्या हाती दिला. मंडळातल्या काही मित्रांना हा अतिरेक वाटला. शिबिराचे दुसरे एकही चांगले चित्र आपल्याकडे नव्हते, हेही खरे.

तेव्हापासून दोरी ओढण्याआधी मी स्वतः एक फेरी मारतो, कॅमेऱ्याशिवाय. वर्तुळात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो आणि ज्याला यायचे नाही त्याला खडूच्या रेषेबाहेर नव्हे, दाराबाहेर जाण्याची विनंती करतो, कारण रेषेबाहेरचेही सारे येते. रुग्ण असलेल्या जागी हा कॅमेरा पिशवीतून काढत नाही.

ज्येष्ठ भूलतज्ज्ञ आता आपल्यात नाहीत. त्यांच्या घरी ते स्नेहसंमेलनाचे कापड मी घडी घालून दिले होते. काकू सांगतात की पाहुणे आले की ते गोल धरायला चार माणसे लागतात, म्हणून त्यांनी दोन टोके एकमेकांवर आणून शिवून टाकली आहेत. मिटलेले डोळे आतल्या बाजूला गेले आणि वर हसरा चेहरा राहिला.

यंदाच्या संमेलनात पुन्हा वर्तुळ काढायचे आहे. डबीत आठांपैकी तीन फेऱ्या शिल्लक आहेत. हॉलच्या फरशीवर फुली मी सकाळीच काढून ठेवीन. कृपया ती कोणी पुसू नये.